वहिनीची शेवटची पेरणी

"तुही वहिनी गेली गा," फोनवर दादा म्हणाला. आणि लगेच, "ट्रेमधली रोपं आत्ताच उगवून राहिली." कळमेश्वरजवळच्या त्यांच्या शेतावर पोचलो, तेव्हा त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळला. शेडमध्ये स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची इवली रोपं हिरवी दिसत होती. पेरणारी नव्हती.

शोभावहिनी खाप्याची. माहेरी मिरचीची रोपं करायचे, म्हणून पहिल्या वर्षी तिने हे फुलांचं बीसुद्धा मिरचीसारखंच मातीआड केलं. एकही उगवलं नाही. या धुळीएवढ्या बियांना उगवायला उजेड लागतो. "त्यायले उजेड पाहिजे होता, न् मी पांघरूण घालून निजवलं! कायची उठतात बाप्पा?" हा किस्सा ती प्रत्येक पाहुण्याला स्वतःच सांगायची. पुढच्या वर्षी बी वर भुरभुरलं, पण झारीच्या पाण्याने ते वाहून कोपऱ्यात गोळा झालं. मग ती ट्रे उथळ पाण्यात ठेवू लागली. खालून हवं तेवढंच पाणी रोपं पीत. नंतर कितीतरी हिवाळे तिच्या फुलांच्या सरळ, उंच दांड्या नागपूरच्या फुलबाजारात गेल्या. सजावटवाले त्या तिचं नाव घेऊन मागत. चुकलेलं हसत सांगणारी आणि पुन्हा पेरायला बसणारी अशी माणसं मी फार पाहिली नाहीत.

ती गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण शेडमध्ये जायचा, डोळे पुसायचा आणि तिच्या रोपांना थोडं पाणी घालायचा. मायेनेच. दादा कोणाला काही म्हणेना. काही दिवसांतच रोपं बुडाशी मऊ पडून माना टाकू लागली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि तेही चाललं होतं.

एका सकाळी वहिनीच्या थोरल्या बहीण, आक्का, तांब्या घेऊन आल्या. जन्मात पाहुण्याला उलट न बोललेला दादा आडवा उभा राहिला.

"आक्का, पाणी नका टाकू."

"काहून? घोटभर पाण्यानं काय होते?"

"मरून राहिली ती. जो येते तो बुडवून राहिला त्यायले."

आक्कांनी तांब्या मागे घेतला. मग तांब्यातलं पाणी त्या स्वतःच प्याल्या. "शोभानंही असंच हाकललं असतं मले," म्हणाल्या, आणि दादासोबत कुजलेली रोपं वेचायला बसल्या.

परवा गेलो होतो. अर्ध्याहून जास्त रोपं वाचली आहेत, पानं जाड झाली आहेत. दादाने एक ट्रे दोन्ही हातांवर उचलला, डोळे मिटले, किंचित हलवला. वहिनी अशीच वजनावरून रोपांची तहान ओळखायची. त्याने ट्रे माझ्या हातात दिला.

"काय वाटते तुले? तहानली?"

मला काहीच कळलं नाही. तसं सांगितलं.

"मलेही नाही समजत अजून," ट्रे परत घेत तो म्हणाला. "पण रोज उचलून पाहतो."

आणि त्याने पुन्हा डोळे मिटले…