गोंदकाकांनी लेकीच्या दारावर लावलेली नोटीस

कस्टम्सच्या कार्यालयात त्यांना सगळे गोंदकाका म्हणत. कोणी नोटीस घ्यायला नकार दिला की काका पिशवीतून गोंदाची बाटली काढत, शेजारचे दोन साक्षीदार उभे करत आणि नोटीस दारावर चिकटवून मोकळे होत. कायद्याने ती मिळाल्यातच जमा. सव्वीस वर्षांत त्यांची एकही नोटीस न बजावता परत आली नव्हती, कारण ‘साहेब घरी नाहीत’ या वाक्यावर त्यांनी कधी विश्वासच ठेवला नाही.

संशय त्यांच्या हाडीमांसी खिळलेला. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी काका विचारत, "का बरं?" कुठेतरी पाणी मुरतंय, याची त्यांना कायम खात्री असे.

रात्री जेवताना बायकोला आणि मुलीला दिवसभराची शिकार ऐकवायची, हा नेम. "दाराबाहेर पुरुषाच्या चपला, टेबलावर दोन कप, आणि बाई म्हणते मी एकटीच! मी खाली उतरून वर बघतो. पडदा हलतोच. मग परत वर जायचं, आवाज गोड करायचा. म्हणायचं, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. की उघडलंच दार!" मुलगी टाळ्या पिटायची. या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली.

ज्यांनी मुकाट्याने नोटीस घेतली, वेळेत उत्तर दिलं आणि सुटले, त्यांच्या गोष्टी मात्र काकांनी कधी सांगितल्या नाहीत. त्यात सांगण्यासारखं होतं काय!

एका मंगळवारी गठ्ठ्यात जावयाचं नाव निघालं. त्याने परदेशातून मागवलेली यंत्रं कागदावर एक आणि खोक्यात दुसरीच. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर एकतर्फी निकाल. म्हणजे माल जप्त आणि परवानाही गेला. माल पंधरा दिवस अडकून पडला होता आणि काकांना घरातल्या कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. नोटीस दुसऱ्या कोणाकडे देता आली असती, पण सहकाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मुलीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"हे घरी नाहीत, बाबा. बाहेरगावी गेलेत."

काकांची नजर सवयीने खाली गेली. बाहेर फक्त तिच्या चपला. आत टेबलावर एकच कप. खुंट्या रिकाम्या. जिथे खरंच कोणी नसतं, तिथे नवऱ्याची एखादी वस्तू तरी पडलेली असतेच. इतकं बिनचूक घर काकांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यांना क्षणभर लेकीचं कौतुकच वाटलं.

"अगं, तो आत आहे. असू दे. तू सही कर, बायकोची चालते. उत्तर दिलं की बाजू ऐकून घेतात. कितीतरी लोक सुटतात, मी बघितलंय."

"मग इतक्या वर्षांत एकदाही का नाही सांगितलंत?"

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय गं," काका म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

मुलीने परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणता, बाबा."

दार लागलं. आतून कडी सरकली.

साक्षीला शेजारचे दोघं आले. त्यातल्या एकाने विचारलं, "तुम्ही हिचे वडील ना?"

"इथे सही करा," काका म्हणाले.

चारही कोपरे त्यांनी अंगठ्याने नीट दाबले. मग दाराला तोंड लावून ओरडले, "तीस दिवस आहेत! काढून वाचा आणि उत्तर द्या!"

खाली रस्त्यावर येऊन त्यांनी सवयीने वर पाहिलं. एकदा तरी पडदा हलावा, कोणीतरी आपल्याकडे बघावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

पडदा हलला नाही. पोरगी काहीच विसरली नव्हती.