तीन बायका आणि एक पांढरी गाडी

लखनौला माझी बदली झाली ती नव्वदचं दशक संपत आलं असताना. मी बँकेत अधिकारी होते, एकटी होते, आणि शाखा मिळाली सरोजिनी नगरला, विमानतळाकडे जाणाऱ्या कानपूर रोडवर. घर मात्र घेतलं गोमती नगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नकाशा बघून घर घेतलं असतं तर असं झालं नसतं. पण मी घर घेतलं ते घरमालकीण बघून.

त्यांना मी आंटीजी म्हणायचे. मुलींच्या एका सरकारी वसतिगृहाच्या वॉर्डन म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि निवृत्तीनंतर हे दुमजली घर बांधलं होतं. खाली त्या एकट्या, वर मी. बारीक चण, फिक्या रंगाची, चिकनच्या भरतकामाची साडी, चष्म्याला काळी दोरी. बोलणं इतकं हळू की समोरच्याला थोडं पुढे वाकून ऐकावं लागायचं. वसतिगृहासाठी तांदूळ, गाद्या, पंखे, पडद्याचं कापड, सगळी खरेदी त्यांनीच केलेली. अमीनाबादचे जुने व्यापारी अजून त्यांना दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवायला येत. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की या बाईंचा आवाज कधी चढत नाही आणि काम कधी अडत नाही.

वडील गेल्यावर सांगलीचं घर बंद करून आई माझ्याकडे राहायला आली. तिचे गुडघे दुखायचे. स्कूटरवर मागे बसणं तिला जमेना आणि प्रवासी टेम्पोची पायरी चढताना तिचा चेहरा बघवायचा नाही. हळूहळू ती बाहेर पडायचीच बंद झाली. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या रिकाम्या प्लॉटवर चरणाऱ्या म्हशी बघायची. एकदा मी विचारलं, "आई, करमतं का गं?" तर म्हणाली, "करमवून घेते." त्याच आठवड्यात मी बँकेच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वाहनकर्जासाठी अर्ज टाकला.

कर्ज मंजूर झालं आणि मी एकटीच शोरूममध्ये गेले. तिथला सेल्समन तरुण, टायवाला, फार अदबीनं वागणारा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, समोसे मागवले, आणि मग विचारलं, "भाईसाहब कब तक आएँगे?"

"कोणीच येणार नाही. गाडी मीच घेणार आहे," मी म्हणाले.

तो हसला, पण त्याची नजर दोनदा दरवाज्याकडे गेली. मग त्याने एका कागदावर भराभर आकडे लिहिले. गाडीची किंमत, विमा, नोंदणी, हँडलिंग चार्जेस म्हणून काहीतरी, सीटकव्हर, टेप, काचांना काळी फिल्म असं सगळं एकत्र ॲक्सेसरीज पॅकेज. शिवाय पांढरा रंग लगेच हवा असेल तर थोडं वर. बेरीज माझ्या अंदाजाच्या बरीच पुढे गेली. शाखेत मी कर्जदारांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. तिथे मात्र त्याचे समोसे खाल्लेले, त्याचा दुसरा चहा हातात, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. "ठीक है," असं म्हणून कागद पर्समध्ये घालून मी घरी आले.

संध्याकाळी आंटीजींनी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "बेटा, यह गाड़ी का दाम है, या आपकी शराफ़त का?"

मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. मी म्हणाले, मला घासाघीस करता येत नाही. आई भाजीवाल्याशी करायची तेव्हाही मी लांब जाऊन उभी राहायचे.

"ती भांडणं झाली," त्या म्हणाल्या. "आपल्याला भांडायचं नाहीये. त्यालाही घर चालवायचंय. त्याचं जे आहे ते त्याला द्यायचं आणि जे नाही ते द्यायचं नाही, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "चलिए, हम भी चलते हैं. माताजी को भी ले चलेंगे. बैठना तो उन्हीं को है."

महिन्याचा शेवटचा आठवडा येईपर्यंत त्यांनी मला थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की महिनाअखेर विक्रीचा आकडा गाठायची घाई विकणाऱ्याला असते, आणि समोरासमोर दोन घाईतली माणसं बसण्यापेक्षा एकच घाईत असलेलं बरं. मधल्या काळात त्यांनी मला दुसऱ्या एका शोरूममध्ये पाठवून तिथलाही भाव आणायला लावला. निघायच्या दिवशी त्यांनी दोनच सूचना दिल्या. पहिली, सौदा होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहा पोटात गेला की तोंड उघडत नाही, हे मी स्वतःवरून जाणलंच होतं. दुसरी, गाडीची तारीफ करायची नाही. ही दुसरी मी आईला मराठीत समजावून सांगितली. आईने गंभीरपणे मान हलवली.

ऑटोतून आम्ही तिघी उतरलो तेव्हा तो सेल्समन धावत आला. आंटीजींना बघून त्याने आतून मॅनेजरांनाही बोलावलं. हे मॅनेजर पन्नाशीचे, पान खाणारे, गोड बोलणारे गृहस्थ. चहा आला. आंटीजींनी हात जोडले. "इनायत है आपकी. ज़रा काम हो जाए, फिर इत्मीनान से पिएँगे." सरबत आलं, तेही तसंच परत गेलं. तिसऱ्यांदा नकार देताना त्यांनी मॅनेजरांच्या वडिलांच्या तब्येतीची अशी चौकशी केली की मॅनेजरांना आपण पाहुण्यांना उपाशी ठेवल्यासारखं वाटण्याऐवजी मानच मिळाल्यासारखं वाटलं.

तिकडे आई प्रदर्शनातल्या पांढऱ्या गाडीत मागे जाऊन बसली होती. तिने पाय पसरून पाहिले, खाली उतरली, पुन्हा बसली. कोणाच्या आधाराशिवाय. मग तिथूनच माझ्याकडे बघत, चेहरा अगदी दुखवट्याला आल्यासारखा ठेवून म्हणाली, "किती छान आहे गं! पाय अगदी सुटे राहतात. हीच घे."

"माताजी क्या कह रही हैं?" मॅनेजरांनी काळजीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत आंटीजी म्हणाल्या, "सोच में हैं." त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण आईच्या चेहऱ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

मग त्यांनी माझ्या पर्समधला तो कागद टेबलावर ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. हे काय, हे कशाचं, हे कोणाला जातं. विचारण्यात संशय नव्हता. शिकणाऱ्या माणसाने विचारावं तसं त्या विचारत होत्या. नोंदणीचे पैसे सरकारला जातात हे ऐकून त्यांनी मान डोलावली. हँडलिंग चार्जेसपाशी बोट थांबलं.

"ते गोदामातून गाडी इथपर्यंत आणण्याचे," सेल्समन म्हणाला.

"अच्छा. मग गाडी विकायची असती आणि इथे आणायची नसती, तर कशी विकली असती?"

तो मॅनेजरांकडे बघायला लागला. मॅनेजर पान चघळत हसले. पॅकेजपाशी आंटीजी म्हणाल्या की या माताजींना टेप ऐकायचा नाही, काळ्या काचांतून त्यांना बाहेरचं दिसणार नाही, आणि बाहेरचं बघायलाच तर गाडी घेतोय. तर यातलं काय काय काढता येईल? रंगाबद्दल त्या म्हणाल्या, "जन्मभर आमचं गाडीवाचून चाललं, आणखी काही आठवडे चालेल. पांढरी येईल तेव्हा द्या."

एकाही वाक्यात त्यांनी 'महाग' हा शब्द वापरला नाही. कोणाला खोटं पाडलं नाही. दुसऱ्या शोरूमचा भाव आमच्याकडे होता, तो त्यांनी सुरीसारखा काढून दाखवला नाही. "वहाँ भी गए थे, वे भी भले लोग हैं," एवढंच म्हणाल्या. मी बाजूला बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, हे मला येणं या जन्मी शक्य नाही.

या सगळ्या वेळात मॅनेजर त्यांच्याशीच बोलत होते. शेवटी ते म्हणाले, "तो आप ही बताइए, कितने में करें?"

आंटीजी उठल्या. "हम कौन होते हैं? गाड़ी इनकी है, क़र्ज़ा भी यही चुकाएँगी. आप इनसे बात कीजिए. हम ज़रा माताजी के पास बैठते हैं." माझ्या खांद्याजवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "दाम बोलिए, और फिर चुप रहिए."

त्या खरंच गाडीपाशी गेल्या, दुसऱ्या बाजूचं दार उघडून आईशेजारी बसल्या, आणि माझ्याकडे पाठच झाली त्यांची. टेबलापाशी मी आणि ते दोघे. मी आकडा सांगितला. दोन शोरूमचे भाव समोर ठेवून, नको असलेलं वजा करून, रात्री स्वयंपाकघरात काढलेला तो आकडा होता आणि तो बरोबर आहे हे मला माहीत होतं.

आणि मी गप्प बसले. गप्प बसणं इतकं कष्टाचं असतं हे मला माहीत नव्हतं. 'जमत नसेल तर बघा', 'थोडं इकडेतिकडे चालेल', अशी कितीतरी वाक्यं जिभेवर येऊन गेली. ती सगळी मी गिळली. मॅनेजरांनी कॅल्क्युलेटर ओढला, ठेवला, सेल्समनकडे पाहिलं, उठून आत गेले. बाहेर रस्त्यावर रिक्षांच्या घंटा वाजत होत्या. गाडीत आई आंटीजींना तिचे गुडघे दाखवत होती, मराठीत. आणि आंटीजी त्यांचे दाखवत होत्या, हिंदीत.

मॅनेजर परत आले ते हँडलिंग आणि पॅकेज काढून टाकायला तयार होऊनच. पण विमा मात्र आमच्याकडूनच करा, असं ते म्हणाले. मी सेल्समनकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मी बँकेतली, विम्याच्या हप्त्याचे दर तेव्हा सगळीकडे सारखेच असतात आणि विमा करून देणाऱ्याला त्यात थोडं कमिशन मिळतं, हे मला ठाऊक होतं. कागदावर मात्र हप्ता फुगवून लिहिलेला होता. मी म्हणाले, "हप्ता दराप्रमाणे लावा, वर काही नको. तसं असेल तर विमा तुमच्याकडूनच करते. यांचं कमिशन यांना मिळालं पाहिजे."

मग सेल्समन म्हणाला, "मैडम, यह ठीक है," आणि मॅनेजरांनी नवा कागद पुढे ओढला. मी सांगितलेल्या आकड्याच्या किंचित वर बेरीज थांबली. मी मान हलवली. त्या किंचितचा मला आजही राग नाही.

मी गाडीपाशी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा आंटीजींनी विम्याची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. चष्मा काढून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "यह तो हमने नहीं सिखाया था," त्या म्हणाल्या. नोकरीत मला बढत्या मिळाल्या, सत्कारही झाले. पण त्या क्षणाइतकं उंच झाल्यासारखं मला कधी वाटलं नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. आईने दोन कप घेतले.

पांढरी गाडी पुढच्या महिन्यात आली. ताबा घ्यायला आंटीजींनी दुपारची वेळ ठरवून घेतली, कारण रंगावरचा ओरखडा उन्हातच दिसतो. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी समाधानाने मान हलवली. येताना हज़रतगंजच्या चौकात माझ्या हातून गाडी बंद पडली, मागे हॉर्न सुरू झाले, आणि मागच्या सीटवरून आई म्हणाली, "होऊ दे गं, आपण कोणाचं काही देणं लागत नाही." वास्तविक कर्ज नुकतंच सुरू झालं होतं, पण मी तिला ते सांगितलं नाही.

त्या गाडीने आईचं लखनौ सुरू झालं. रविवारी आम्ही तिघी निघायचो. आई आणि आंटीजी मागे, मी पुढे. त्यांना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही आणि त्यांचं बोलणं कधी थांबलंही नाही. आंटीजींकडून मी भाव करायला शिकले असं लोकांना सांगते, पण ते तितकंसं खरं नाही. माणसाला न दुखवता त्याला खऱ्या आकड्यावर आणण्याची ती ताकद माझ्यात पुरती कधीच आली नाही. पुढे पुण्यात फ्लॅट घेताना मी दोनदा आवाज चढवला आणि दोन्ही वेळा मला त्यांची ती फिकी साडी आणि हळू आवाज आठवला.

थंडी संपताना एका सकाळी त्या जिना चढून वर आल्या. तोवर मला वाटायचं, या बाईंना आता काही मागायचं उरलेलं नाही. दारातच उभ्या राहून, थोडं संकोचून त्या म्हणाल्या, "बेटा, हमें भी चलाना सिखा देंगी?"

त्यांची साठी केव्हाच उलटली होती. गोमती नगरात तेव्हा रुंद रस्ते होते आणि घरं तुरळक. रोज सकाळी बँकेत जायच्या आधी मी त्यांना स्टिअरिंगवर बसवायचे. पदर खोचून, पाठ ताठ ठेवून त्या दुसऱ्या गिअरमध्ये चालवायच्या, आणि सायकलवाला दिसला की गाडी पूर्ण थांबवून त्याला जाऊ द्यायच्या. आई मागे बसलेली असायची. पहिल्यांदा त्यांनी आपणहून तिसरा गिअर टाकला त्या सकाळी आईने मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "शाब्बास, बाई." एवढं मराठी आंटीजींना कळलं.