बारा बोल्टांचं दार

धाऊची अख्खी जवानी मुंबईच्या बंदरात जुनी जहाजं कापण्यात गेली. १९९९ साली त्याच्या वाट्याला एक म्हातारं जहाज आलं. मूळचं मालवाहू, महायुद्धात बदलून घेतलेलं. तेव्हा त्याच्या डेकवर विमानं असायची आणि कडेला टांगलेल्या सपाट बुडाच्या होड्या. त्या होड्यांना पुढे नाक नव्हतंच, दार होतं. होडी किनाऱ्याला टेकली की दार खाली सोडायचं आणि सैनिकांनी थेट जमिनीवर उतरायचं.

पहिला काप घालण्याआधी धाऊ प्रत्येक जहाजापुढे नारळ फोडायचा आणि म्हणायचा, "माफ कर माय, पोटासाठी कापतोय." मुकादम हसायचा. हसेना का!

काम संपलं तेव्हा त्यांतली एक लाकडी होडी जाळायची म्हणून उरली होती. धाऊने ती मागून घेतली आणि ट्रकवर घालून खर्डीपलीकडच्या आपल्या वाडीत आणली. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये धरणाचा फुगवटा. दोर ओढून माणसं पार न्यायची, असा त्याचा बेत. पण वाडीने ते दार पाहून हातच जोडले. "होडीला कदी दार असतं काय रे? पाणी शिरंल नि आमी बुडू!" शेवटी धाऊनेच बारा बोल्ट ठोकून, डांबर फासून दार बंद केलं. लोक शिडीने चढू लागले. लढाईवर गेलेली होडी, आणि तिला शिडी!

तीन वर्षांनी, ऐन श्रावणात, धाऊची सून सावळी अडली. वाडीची सुईण लहानी म्हणाली, "पोर आडवं हाय, धाऊ. माज्या हातचं काम नाय. दवाखान्यात ने, आताच!"

धाऊचा मुलगा मंगळू आणि आणखी तिघांनी बाज उचलून काठावर आणली. शिडीपाशी सगळं अडलं. बाज कलली, सावळी घसरू लागली.

धाऊने कपाळावर हात मारला आणि घण-छिन्नी घेतली. जन्मभर दुसऱ्यांचं कापलं, आज स्वतःचंच ठोकलेलं तोडायचं होतं. बारावा बोल्ट तुटला, दार काठावर पडलं आणि चौघे बाज घेऊन सरळ आत चालत गेले. दार ओढून घेतलं. पाणी शिरलं, पण घोट्याएवढंच. मंगळूने ते पातेल्याने उपसलं. पलीकडे नुसता चिखल. होडी त्यावर सरकत टेकली, दार पुन्हा खाली आलं आणि बाज तशीच रस्त्यावरच्या जीपपर्यंत गेली.

सावळी वाचली. मुलगीही.

दोघी परतल्या त्या दिवशी धाऊ नारळ घेऊन काठावर उभा होता. दारावर नारळ फोडताना सवयीने तोंडून निघालं, "माफ कर माय..." त्याने नातीला उचलून त्या दारावर टेकवलं.

"मी तुजं पोट फाडलं," तो रडत होडीला म्हणाला, "नि तू माज्या घरचं पोर राखलंस."

बोल्ट परत बसवायचं नाव वाडीत कुणी काढलं नाही.