महादेवाचा पारा

मुरुम गावाजवळच्या एका कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात उतरायचं. प्रदूषण मंडळाकडून मी तिथं पाण्याचे नमुने घ्यायला गेलो की शेळ्या राखणारे एक आजोबा दिसायचे. शेळ्यांना पाजण्याआधी ते ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे.

नमुन्यात पारा मर्यादेबाहेर निघाला. कारखान्याला नोटीस गेली, तरी पाणी वाहतच राहिलं. मी आजोबांना म्हणालो, "हे पाणी पाजू नका, यात पारा आहे."

त्यांनी हात जोडले. "पारा म्हंजी महादेवाचाच की. पाऱ्याची पिंड असती न्हवं."

"आजोबा, विष आहे ते."

"इख बी त्यानंच पिलं न्हवं का?"

उन्हाळ्यात ओढ्याला दुसरं पाणीच नव्हतं. शेळ्या खाली उतरल्या.

उत्तर मला परतीच्या एसटीत सुचलं. महादेवानं विष गळ्यातच अडवलं होतं, आजोबा. शेळ्यांना ते कुठून जमावं?