पुंडलिकाचा अंगठा

भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या पुष्पलताला कुणी स्वार्थी म्हणेल, तर त्याने आधी तिच्या जागी उभं राहून दाखवावं! सेहेचाळीस साल. मिठागरावर राबणाऱ्या पुंडलिकाची ही एकुलती एक पोर, मुंबईच्या सरकारी कॉलेजात इंटरला. गावात मॅट्रिक झालेला पुरुष शोधून सापडायचा नाही, तिथे ही कॉलेजात! लोक नावं ठेवायला टपलेलेच होते.

आणि अशात कॉलेजने नोटीस लावली. मुलींसाठी डॉक्टरबाई नेमायची, त्यासाठी सगळ्यांची फी वाढवायची. पुष्पलताने घरचा हिशोब मांडला. आहे ती फी भरताना बापाच्या नाकी नऊ येत होते. वाढली की कॉलेज सुटणार, आणि सुटलं की जन्मभर मिठागर. मुलांनी विरोधाचा अर्ज काढला. निम्म्याहून जास्त पालकांच्या सह्या आल्या तर फीवाढ रद्द, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी कबूल केलं होतं.

संध्याकाळी पुंडलिक कामावरून आला आणि पायाच्या भेगांना खोबरेल चोळत बसला. पुष्पलताने कागद पुढे केला, शाईचा बोळाही.

"बा, अंगठा दे. कॉलेजचा कागद हाय."

तिने आणलेल्या कागदाला त्याने आजवर कधी 'का' विचारलं नव्हतं. आताही अंगठा शाईला लावला, आणि कुठून सुचलं देव जाणे, थांबला.

"काय लिवलंय?"

"फी वाढवू नका म्हनून."

"कशापायी वाढवतायत?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. इमारतीसाठी, पुस्तकांसाठी, काहीही सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं डोळे मिटून अंगठा देणाऱ्या माणसाला फसवायचं तरी कसं?

"बायांसाठी डॉक्टरीन ठेवायची हाय."

पुंडलिकाने अंगठा मागे घेतला. पुष्पलता सात वर्षांची असताना तिची आई जिजा बाळंतपणात अडली होती. भाईंदरचा डॉक्टर दारात येऊन उभा राहिला, पण पुरुष म्हणून आळीतल्या बायांनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. पुंडलिकानेही तोंड उघडलं नाही. जिजा गेली, पोटातल्या बाळासकट.

"तवा मी गप बसलो, पुष्पे," तो म्हणाला. "आता अंगठा देऊन परत गप बसू?"

"पन बा, माझं कॉलेज?"

"जाईल." पुंडलिक म्हणाला. "जाईल, पोरी."

त्याने शाईचा अंगठा कुडाला पुसला आणि तोंड फिरवलं. पुष्पलताला इतका राग आला की ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलांच्या पुढाऱ्याने अर्ज मागितला. खरं तर अंगठा कुणाचाही चालला असता, तिचा स्वतःचासुद्धा. कोण पडताळून बघणार होतं? तिने बोळा पिशवीतून काढला. बराच वेळ हातात धरला. मग परत ठेवून दिला आणि कागद अंगठ्याविनाच सोपवला.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप."

सह्या थोडक्यात कमी पडल्या. फी वाढली. वाईट वाटलं का? वाटलं तर! चार दिवस ढसाढसा रडली. पण बापाला तिने त्यावरून कधी बोल लावला नाही.

डॉक्टरबाई जानेवारीत एका सोमवारी कॉलेजात रुजू झाली. त्या सोमवारी पुष्पलता मिठागरावर होती, बापाच्या मागोमाग, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन.