आधी धड पाय

चौऱ्याहत्तर साली लांडग्याशी झुंजताना बिजल्याचा गुडघा निखळला. मेंढपाळ नानासोनं आपल्या या कुत्र्याला खांद्यावर घेतलं अन् कराड गाठलं. तिथल्या जनावरांच्या नावाजलेल्या डॉक्टरनं थेट दुखरा गुडघाच दाबला. बिजल्या कळवळला. नानासोनं त्याला उचलून विट्याला नेलं.

विट्याचा डॉक्टर म्हणाला, "कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी कधी केलं नाही." पण बोलता बोलता त्यानं आधी धड पाय चाचपला, मग दुखरा. लंगडी मेंढी नानासो अशीच तपासायचा. धड पाय कळल्याशिवाय मोडका कळत नाही.

"तुमीच करा आपरेशन."

"पाय वाचेल, पण पळणं संपलं."

नानासोनं बिजल्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लय पळाला माझ्यासाठी. आता मी पळतो की, सायेब."