जास्वंदीचा पहारा

पहाटे कोणीतरी आमच्या जास्वंदीची फुलं न्यायचं. म्हणून कपड्यांचा चिमटा, चॉकलेटचा चंदेरी कागद, दोन सेल आणि मोडक्या खेळण्यातला भोंगा जोडून मी झाडावर पहारा बसवला. चिमट्याच्या जबड्यांना चंदेरी कागद, मध्ये पुठ्ठा, पुठ्ठ्याचा दोरा फांदीला. फांदी ओढली की पुठ्ठा निसटणार आणि भोंगा बोंबलणार.

आठवडा झाला, भोंगा गप्पच. फुलं झाडावरच सुकतात. पण गप्प राहणाऱ्यावर माझा कधीच विश्वास बसत नाही, त्यामुळे रोज सकाळी मीच दोरा ओढून बघते.

आज भोंगा बोंबलताच शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "सापडलं का गं कोणी?"

मी आधी त्यांच्या परडीत डोकावले. परडी रिकामी होती.

माझा संशय पक्का झाला.